वस्तू क्रमांक चारशे तेरा ऊर्फ लोंबकान्या याच्या सुटकेची हकीकत

सकल वाचणारे, ऐकणारे, आणि पोर निजवीत असता एका हाताने थोपटून दुसऱ्या हाती फोन धरून चोरून वाचणारे, या सर्वांस विदित व्हावे ऐसा मजकूर की, गल्लीतील वारसा संग्रहालय आणि समोरील इमारतीचा दुसरा मजला या दोन दौलतींमध्ये सहा दिवस जो झगडा जाहला, त्याची साद्यंत हकीकत लिहून ठेवावी, नाहीतर पुढे कोणी भलतेच सांगेल आणि कोणी त्याची पाटी करून भिंतीस लावील, ऐसे मनात येऊन हा लेख आरंभिला. यात घडले तेच लिहिले आहे. पदरचे घातले असेल ते विशेषणांपुरते.

प्रथम दौलतींचा वृत्तांत. दुसऱ्या मजल्यावर बाईसाहेब नांदत होत्या. इतिहास विषय घेऊन पदवी पदरी, हल्ली मुलूख तीन खोल्यांचा, आणि प्रजा एक, ती लेक चिमी, वय वर्षे तीन मास चार. बाईसाहेबांचा स्वभाव सावध. औषधाच्या खोक्यातील कागद दोन्ही बाजूंनी वाचावा, गॅस बंद केला की नाही हे पाहावयास अर्ध्या जिन्यावरून परत फिरावे, द्राक्षाचे चार तुकडे केल्यावाचून लेकीच्या हाती देऊ नये, ऐसा कडक बंदोबस्त. घरचे कारभारी म्हणजे नवरा, ते मसलतीचे समयी "बघू ना उद्या" इतुकेच बोलत.

आणि या दौलतीचा आधारस्तंभ श्रीमंत लोंबकान्या. हा कापडी ससा. बाईसाहेबांनी नववा महिना चालू असता, झोप येईना म्हणून, जुन्या पडद्याच्या कापडाचा हातांनी शिवला. डावा कान पडद्याचा, उजवा कान मूळचा चिमीने चावून संपविला सबब मागाहून कारभाऱ्यांच्या पायजम्याचा बसविला. डोळा एक. रंग पूर्वी निळा होता, ऐसे जाणकार सांगतात. याचा पायजमी कान नाकास लावल्यावाचून चिमीबाई निजत नसत, आणि चिमीबाई निजल्यावाचून त्या घरात कोणी निजत नसे. सारांश, त्या घराची झोप एका कानावर टांगली होती.

आता दुसरी दौलत. जुन्या पोस्टाच्या तळमजल्यावर दोन दालने, एक बोळ आणि बोळाच्या शेवटी संडास, इतुका संग्रहालयाचा विस्तार. अध्यक्षपदी दातांचे डॉक्टर, ज्यांनी लोकांच्या तोंडात डोकावता डोकावता लोकांच्या भूतकाळातही डोकावण्याचा छंद लावून घेतला होता. परंतु खरी सत्ता नोंदकाकांची. हे निवृत्त गृहस्थ सत्तावीस वर्षे संग्रहालयाची नोंदवही पक्क्या शाईने लिहीत होते आणि सत्तावीस वर्षांत त्या वहीत एकही काट नव्हती. लोक मुलेबाळे दाखवितात तशी ते ती वही दाखवीत.

ऐसे असता संग्रहालयाने गल्लीत पत्रके वाटली की, येत्या रविवारी "आपल्या माणसांचा इतिहास" हे नवे दालन उघडणार, सबब तमाम रहिवाशांनी घरातील जुन्या वस्तू आणून द्याव्या. दारात एक टेबल मांडिले आणि वर पाटी लाविली की, या टेबलावर ठेवलेली वस्तू संग्रहालयास दिली असे समजावे. सोमवारी बाईसाहेब सासूबाईंची कोळशाची इस्त्री घेऊन निघाल्या. एका हाती इस्त्री, दुसऱ्या हाती चिमी, चिमीच्या हाती लोंबकान्या, ऐशी स्वारी टेबलापाशी पोहोचते तोच चिमीबाईंचा हुकूम सुटला.

"आई, शू. आत्ता!"

हा हुकूम ज्यास एकदा पोहोचला आहे त्यास पुढील सांगणे नलगे. इस्त्री टेबलावर, ससा टेबलावर, लेक कडेवर आणि बाईसाहेब बोळातून भरधाव. गड वेळेवर हाती आला. मग चिमीबाई आत निवांत बसून नळाशी गप्पा मारू लागल्या आणि बाईसाहेब अर्धे दार धरून बाहेर तिष्ठत राहिल्या. संडासाच्या दारालगत भिंतीवर संग्रहालयाची नियमावली चौकटीत लाविली होती, कलमे बावीस. ती जागा ऐशी की तेथे कोणी फार वेळ थांबू इच्छीत नसे, सबब नियमावली लाविली त्या दिवसापासून कोणी वाचली नव्हती. बाईसाहेबांनी वाचली. स्वभावास औषध नाही.

परतताना दारात मांजर दिसले आणि चिमीबाई मांजरामागे, आणि बाईसाहेब चिमीबाईंमागे, आणि तिघे रस्त्यावर. जी बाई गॅस तीनदा पाहते तिने त्या दिवशी टेबलाकडे एकदाही मागे वळून पाहिले नाही. या एका गोष्टीसाठी पुढे सहा दिवस तिने स्वतःस जी बोलणी घातली ती लिहू जाता निराळा ग्रंथ होईल.

दुपारी दोन वाजता निजण्याचे समयी आकांत उसळला. पलंगाखाली, धुण्याच्या यंत्रात, फ्रीजमध्ये, चपलांच्या खणात शोध जाहला. मग बाईसाहेबांस ते टेबल आठवले आणि त्या मटकन खाली बसल्या. कारभाऱ्यांस फोन गेला. ते म्हणाले, "अगं, मग दुसरा घेऊ ना एक." या वाक्यावर बाईसाहेबांनी ज्या रीतीने फोन ठेविला ती रीत त्या घरी अद्यापि स्मरणात आहे.

मंगळवारी सकाळी पहिली वकिली जाहली. बाईसाहेब लेकीसह नोंदकाकांच्या कचेरीत दाखल जाहल्या.

"काका, काल तुमच्या टेबलावर माझ्या मुलीचा ससा राहिला."

"चारशे तेरा," नोंदकाका वहीतून मान वर न करता म्हणाले.

"काय?"

"चारशे बारा इस्त्री. चारशे तेरा कापडी प्राणी. नोंद झाली."

"अहो, पण तो चुकून राहिला."

"टेबलावर चुकून काही राहत नाही, बाई. पाटी आहे."

"मग काट मारा ना त्या नोंदीवर. एक तर ओळ आहे."

येथे कचेरीत ऐशी शांतता पसरली की भिंतीवरील घड्याळ ऐकू येऊ लागले, आणि ते घड्याळ बंद होते. नोंदकाकांनी चष्मा काढिला, पुसला, पुनः घातला. मग हुकूम केला की, सत्तावीस वर्षांत या वहीत काट नाही आणि सशापायी पडणार नाही. नोंद रद्द करणे तर समितीचा ठराव हवा. समितीची बैठक तीन महिन्यांनी. गेली बैठक परवाच जाहली.

"बरं, तो आहे कुठे? निदान एकदा बघू तरी द्या तिला."

"फ्रीजरमध्ये."

मजकूर ऐसा की कापडी वस्तू संग्रहालयात आली असता तिच्यातील कसर नि किडे मरावे म्हणून ती पिशवीत बांधून काही दिवस गोठवून ठेवणे हा त्या कारखान्याचा शिरस्ता. नोंदकाकांनी तो मोठ्या अभिमानाने समजावून सांगितला. चिमीबाईंनी सर्व ऐकून घेतले.

"आजोबा, त्याला थंडी वाजेल."

"त्याला काही वाजत नाही."

"मग त्याला स्वेटर घाला हां."

नोंदकाका लेखणीस टोपण लावावयास तीन वेळा चुकले, हे बाईसाहेबांनी टिपून ठेविले.

त्याउपरि घरात जे हाल जाहले ते कोणा शत्रूवरही येऊ नयेत. चिमीबाई दुपारी निजत ना आणि रात्री तासातासाने उठून विचारीत, "आता तो बर्फ झाला का?" सासूबाईंनी फोनवरून फर्माविले की, आम्ही नाही का पोरं वाढवली सशाबिशाशिवाय. वस्तुतः त्यांचे चिरंजीव सात वर्षांचे होईतो एका उशीचा अभ्रा ओढीत हिंडत असत, हे त्यांनीच मागे हसत सांगितले होते. परंतु ती हकीकत या समयी कोणासच आठवली नाही. बुधवारी कारभारी पराक्रम करून एक नवा ससा घेऊन आले. गुलाबी, दोन्ही डोळ्यांचा, पोटात बॅटरी, दाबले असता गाणे म्हणणारा. चिमीबाईंनी त्या तोतयास एकवार हुंगले आणि चपलांच्या खणात नेऊन ठेविले. तेथून तो दोन दिवस आपणहून गात होता.

गुरुवारी बाईसाहेबांनी थेट अध्यक्षांस गाठावे ऐसे ठरविले. परंतु अध्यक्षांची भेट दवाखान्यात नंबर लावल्यावाचून होत नसे, आणि नंबर दात असल्यावाचून लागत नसे. सबब बाईसाहेबांनी आपली एक निरपराध दाढ पुढे केली. खुर्चीत निजल्या, दिवा तोंडावर आला, आणि त्यांनी मागणे मांडावयास तोंड उघडले तोच अध्यक्ष म्हणाले, "हं, असंच. मोठं आ."

मग बाईसाहेबांच्या तोंडात आरसा, टोकदार सळई आणि कापसाचे बोळे असता अध्यक्षांनी वारसा या विषयावर पंचवीस मिनिटे निरूपण केले. म्हणाले की, तुमचं ते कापडी प्रकरण ना, कळलं मला, पण वस्तू आता तुमची नाही, समाजाची आहे. म्हणाले की, आमच्या ओळखीच्या एका जाणकारांनी फोटो पाहून सांगितलंय, शिवण बघता शंभर वर्षं कुठे गेली नाहीत. म्हणाले की, अहो, स्वतःपुरतं बघून कसं चालेल.

"ऑ आ ऑ ई ऑ आ ऑ," बाईसाहेब म्हणाल्या. म्हणजे, तो मी शिवलाय हो.

"दुखतंय? नाही ना? छान. दाढ उत्तम आहे तुमची."

येणेप्रमाणे दुसरी वकिलीही बुडाली.

रविवार उजाडला. दारास तोरण नव्हते पण रिबीन होती, ती कापिली गेली आणि गल्लीतील पन्नासेक माणसे दालनात शिरली. बाईसाहेब, कारभारी आणि चिमीबाई मागाहून निघाले. हेतू इतुकाच की लेकीस ससा एकवार काचेतून तरी दिसावा. बाईसाहेबांच्या डोळ्यांखाली सहा दिवसांचे काळे, वेणीची एक बट मोकळी आणि ओढणी उलटी. शिरताच समोर संस्थापकांची खुर्ची. पाटीवर त्यांचे संपूर्ण नाव, तिन्ही पदव्या, जन्म, मृत्यू, आणि या खुर्चीत बसून त्यांनी कोणकोणते विचार केले त्याचा गोषवारा. पलीकडे संस्थापकांची छत्री, तीही नावानिशी. मग बाईसाहेब पुढे सरकल्या. विणलेला टेबलरुमाल, कर्ती अज्ञात स्त्री. तुकडे जोडलेली चादर, अज्ञात स्त्री. लोकरीचे टोपडे, अज्ञात स्त्री. बाईसाहेब मोजू लागल्या, कारण मोजणे हा त्यांचा स्वभाव, आणि अकरापर्यंत पोहोचल्या. आणि अकराव्या काचेत, मखमलीच्या उशीवर, पायास कापडी चिठ्ठी शिवलेला, थंडीने जरा ताठर जाहलेला लोंबकान्या बसला होता.

पाटीवर मजकूर ऐसा: वस्तू क्रमांक चारशे तेरा. कापडी प्राणी, ससा किंवा गाढव. काळ अंदाजे शंभर वर्षांपूर्वीचा. दोन कान दोन निरनिराळ्या कालखंडांतील. पोटात कठीण वस्तू लागते, ती विधीशी संबंधित असावी. कर्ती अज्ञात स्त्री.

बाईसाहेब सहा दिवस रडल्या नव्हत्या, तेथेही रडल्या नाहीत. परंतु नवव्या महिन्यात, पाय सुजलेले, दिव्याखाली बसून घातलेला एकेक टाका त्यांस ठाऊक होता. त्या कारभाऱ्यांस हळूच म्हणाल्या, "मी मेले का रे?"

"अं? नाही गं," कारभारी दचकून म्हणाले. "का?"

इतक्यात अध्यक्ष मंडळींस घेऊन त्या काचेपाशी आले आणि पोटातील कठीण वस्तूविषयी सांगू लागले की, पूर्वीचे लोक अशा प्राण्यांच्या पोटात काहीबाही घालत, त्यामागे खोल अर्थ असे. चिमीबाईंचे नाक काचेस चपटे लागले होते. त्या नाकानेच बोलल्या.

"ते बटण आहे."

"काय म्हणते ही?"

"बटण. बाबाच्या शर्टाचं. त्याला भूक लागली होती ना, मग मी भरवलं."

मंडळी हसली. नोंदकाका हसले नाहीत. ते पुढे आले आणि खाली बसून, चौकशीच्या आवाजात, विचारते जाहले.

"कुठून भरवलंस?"

"काखेतून. तिथे भोक आहे."

नोंदकाकांनी कमरेची किल्ली काढिली, पांढरे हातमोजे चढविले, काच उघडिली आणि चारशे तेराच्या डाव्या काखेत दोन बोटे घातली. भोक होते. थोडा कापूस आला, आणि मग चार छिद्रांचे एक पांढरे बटण हातमोज्यावर टपकन पडले. तेव्हा सर्वांच्या नजरा फिरून कारभाऱ्यांवर स्थिरावल्या. कारभारी तोच सदरा घालून उभे होते. वरून दुसरे बटण दोन महिने बेपत्ता, आणि त्या जागी सेफ्टी पिन.

"तरी म्हटलं गेलं कुठे," कारभारी म्हणाले आणि पिनेवर हात ठेविला.

दालनात जो हशा उसळला त्याने संस्थापकांची छत्री हलली. परंतु अध्यक्ष सहजी हार जाणारे नव्हते. त्यांनी घसा खाकरून फर्माविले की, असेल, वस्तू आज शंभर वर्षांची नसेल, पण होईल की कधीतरी. आणि नोंद ती नोंद. हे ऐकोन नोंदकाकांचा चेहरा पडला, कारण नोंद ती नोंद हे त्यांचेच वाक्य होते, आणि ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकता बरे वाटेना.

तेव्हा बाईसाहेब पुढे जाहल्या. उलटी ओढणी सावरून स्पष्ट बोलल्या.

"काट मारू नका, काका. मला ससा उसना द्या. कलम सतरा."

"कलम सतरा?" अध्यक्षांनी नोंदकाकांकडे पाहिले. नोंदकाकांनी छताकडे पाहिले. नियमावली उघडून पाहावी तर तिची प्रत एकच, आणि ती संडासाच्या दारालगत. मग काय, अध्यक्ष, नोंदकाका, बाईसाहेब आणि मागे अवघे पन्नास लोक बोळातून कूच करते जाहले. संडासात कोणी एक गृहस्थ होते. त्यांनी कडी काढून दार किलकिले केले, बाहेरील फौज पाहिली आणि पुनः कडी लाविली. तह होईतो ते आतच राहिले.

नोंदकाकांनी चौकटीवरील धूळ हातमोज्याने पुसून वाचिले की, संग्रहालयातील वस्तू अन्य संस्थेस उसनी देता येईल, बशर्ते की तेथे थेट ऊन नसावे, वस्तू नित्य वापरात किंवा लोकांच्या दृष्टीस राहावी, आणि चोवीस तास पहारा असावा.

"घर म्हणजे काही संस्था नव्हे," अध्यक्ष म्हणाले.

"संस्था म्हणजे काय ते यात लिहिलेलं नाही," नोंदकाका सावकाश म्हणाले. नियम आपल्या बाजूने आला नसला तरी त्याच्या बाजूने जाणे हा त्यांचा जन्माचा धर्म होता. "ऊन?"

"निजण्याच्या खोलीला जाड पडदे आहेत. ससाही जुन्या पडद्याच्याच कापडाचा आहे."

"वापर?"

"तिला विचारा."

"आणि चोवीस तास पहारा?"

"काका," बाईसाहेब म्हणाल्या, "तीन वर्षं चार महिने झाले, मी सलग झोपलेच नाहीये."

गर्दीतून कोणी बाई "अगं बाई गं" म्हणाली, आणि आणखी तिघी "हो ना" म्हणाल्या. नोंदकाकांनी वही मागविली आणि बोळातच, भिंतीस टेकून, तह लिहिला. तो येणेप्रमाणे की, वस्तू क्रमांक चारशे तेरा समोरील इमारतीच्या दुसऱ्या मजल्यास अकरा महिन्यांकरिता उसनी द्यावी आणि मुदत सरता पुनः नवी करावी. चिमीबाईंचा पलंग हा संग्रहालयाचे दालन क्रमांक तीन समजावा. जनतेस दर रविवारी अकरा ते बारा दर्शन खुले, परंतु प्रजा निजली असता बंद. वस्तू धुवावी ती हाताने. बटण मूळ सदऱ्यास परत करावे, आणि ते कारभाऱ्यांनी आपल्या हाताने शिवावे. हे शेवटले कलम कोणी घातले हे वहीत नमूद नाही, परंतु ते वाचिले जाता बायकांनी टाळ्या वाजविल्या.

"आणि काका, ते अज्ञात तेवढं खोडा," बाईसाहेब म्हणाल्या.

"खोडता येत नाही." नोंदकाका थांबले. मग लेखणी पुनः उघडिली. "शेरा लिहिता येतो."

आणि त्यांनी शेवटच्या रकान्यात, सत्तावीस वर्षे जो बहुधा कोराच राहिला होता, सुवाच्य अक्षरांत लिहिले की, सदर अज्ञात स्त्री आजरोजी सापडली. हयात आहे. पत्ता समोरची इमारत, दुसरा मजला. पुढे बाईसाहेबांस नाव विचारून तेही लिहिले, संपूर्ण, पदवीसह.

यानंतरचा मजकूर थोडा. रकाना मोकळा आहे हे गल्लीत पसरले आणि त्या आठवड्यात आणखी चार अज्ञात स्त्रिया सापडल्या. पैकी लोकरीच्या टोपड्याची अज्ञात स्त्री दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर सापडली. त्या अध्यक्षांच्या मातोश्री. काठी टेकीत आल्या, टोपडे पाहिले आणि चिरंजीवांस भर दालनात म्हणाल्या, "अरे, तुझंच आहे हे. किती डोकं मोठं होतं तुझं, दोनदा उसवलं मी." अध्यक्षांनी त्या दिवशी दवाखाना लवकर बंद केला.

पुढील रविवारी पहिली तपासणी. नोंदकाका वही आणि थर्मामीटर घेऊन दुसऱ्या मजल्यावर आले. अकरा ते बारा त्यांस वेळ जाहला नाही, सबब दुपारी अडीच वाजले. कारभाऱ्यांनी ओठांवर बोट ठेवून दार उघडिले. बोटास सुई टोचल्याची पट्टी होती. आत पडदे ओढलेले. पलंगावर चिमीबाई, नाकास पायजमी कान, आणि तिच्या अंगावर हात टाकून खुद्द पहारा. दोघी गाढ. पहारा तर घोरत होता.

नोंदकाकांनी जोडे दारातच काढिले. मग कोटाच्या खिशातून एक लहानसे काही काढून सशाच्या पायाशी ठेविले. राखाडी लोकरीचे, विणकाम वेडेवाकडे, एक बाही आखूड, कोणी नवशिक्याने पुस्तकात बघून घातलेले टाके. मग वही उघडून लिहिले की, दालन क्रमांक तीन पाहिले. ऊन नाही. वस्तू वापरात आहे. पहारा चोख. आणि जोडे हातात घेऊन जिना उतरले.

येणेप्रमाणे फत्ते जाहली, ती मागून पुसणाऱ्यास पुरावा असावा म्हणून लिहून ठेविली. स्वेटराची नोंद वहीत चारशे चौदा म्हणून आहे. कर्त्याचे नाव विचारिले असता नोंदकाका म्हणतात, अज्ञात.